रुपराव मेश्रामचं नाक

रुपराव मेश्राम भित्रा आहे असं कुणी म्हटलं असतं, तर कोल्ड स्टोरेजच्या हमालांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पाच फूट दोन इंच उंची, पण छाती पुढे आणि नाक त्याच्याही पुढे. सगळी करामत त्या नाकाचीच. पुढचा सगळा घोळही त्या नाकानंच घातला, म्हणून आधी त्याची शेखी सांगून टाकतो.

जरीपटक्याच्या पुढे, कामठीच्या वाटेला, नानाजींचं कोल्ड स्टोरेज होतं. नानाजी मिरचीचे व्यापारी. तीन मोठ्या खोल्या, हातभर जाड भिंती आणि आत छतापर्यंत रचलेली मिरचीची पोती. खोल्यांच्या पुढे एक लांबलचक बंद पडवी होती. खोलीचं दार उघडलं की थंडी एकदम पळून जाऊ नये म्हणून ती बांधलेली. उन्हाळ्यात तिथेच मिरचीचा सातरा बसे. म्हणजे अठरा बाया गोणपाटावर मांडी घालून दिवसभर मिरचीचे देठ खुडत. बाहेर मे महिन्याचं नागपूर, पाखरू झाडावरून खाली पडेल असं ऊन, आणि पडवीत माठाच्या पाण्यासारखा गारवा. मिरचीच्या धुळीनं ठसके लागत, डोळे गळत, बोटांची आग होई. पण त्या गारव्यासाठी वस्तीतल्या बायका एकमेकींशी भांडून इथली पाळी मिळवत.

हा गारवा तयार करायचा रुपराव. तो तिथला मिस्त्री. छप्पन साली बापाबरोबर दीक्षा घेतली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, आणि त्याच वर्षी बर्फाच्या कारखान्यात वसंत मिस्त्रींच्या हाताखाली लागला. थंडी करणारा गॅस म्हणजे अमोनिया. नळ्यांच्या आत असेल तोवर गरीब गाय. बाहेर निसटला की डोळे जाळतो, घसा आवळतो, आणि जास्त निसटला तर माणूस दारापर्यंत पोचत नाही. वसंत मिस्त्रींनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "या धंद्यात भेव असू दे, पोरा. भेव गेलं का मानूस गेला."

पण रुपरावला भ्यायची गरजच पडली नाही, कारण त्याला देवानं नव्हे, निसर्गानं म्हणा, नाक तसं दिलं होतं. शहात्तर साली रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा पिता पिता त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "दोन नंबरचा व्हॉल्व्ह पाझरून राहिला." लोक हसले. जाऊन पाहिलं तर खरंच पाझरत होता, तोही केसाएवढा. नानाजींनी ही गोष्ट गांधीबागेतल्या कापडवाल्यांपर्यंत पोचवली. "माह्या कोल्डात मशीन दोन आहेत," ते म्हणत, "एक लोखंडाचं आन एक रुपरावचं नाक."

मग काय, हरभऱ्याच्या झाडावर चढायला माणसाला कितीसा वेळ लागतो? गॅस कुठून निसटतो ते बघायला गंधकाची काडी असते. ती पेटवून नळ्यांच्या सांध्यांवरून फिरवायची. गॅस असेल तिथे पांढरा दाट धूर उठतो. रुपरावनं ती काडी वापरणं सोडलं. "काडी आंधळ्याले लागते," असं तो जुन्या मदतनिसाला चारचौघांत म्हणाला होता. मशीनचं साचलेलं तेल काढायच्या व्हॉल्व्हला बाहेरून लोखंडी टोपण असतं, तेही त्यानं लावणं सोडलं. टोपण पुन्हा पुन्हा काढा-घाला कशाला? पाझरलं तर नाक सांगेलच. ते टोपण पुढे कुठे गेलं ते कुणालाच ठाऊक नाही.

आणि एक रिवाज पडून गेला. सकाळी बाया गोणपाटं घेऊन पडवीच्या दारात उभ्या राहत. रुपराव आत जाई, नाक वर करून इकडून तिकडे एक फेरी मारी, आणि बाहेर येऊन म्हणे, "बसा." त्याशिवाय एकही बाई बसत नसे. सगळ्यांत वडील बायजाबाई. तिचे गुडघे गेलेले, पण हात सर्वांत चपळ. ती रोज म्हणायची, "तुह्या नाकाच्या भरवशावर बसतो आमी, रुपराव गा."

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात ते नाक गेलं.

कधी गेलं ते त्यालाही कळलं नाही. वीस-पंचवीस वर्षं थोडाथोडा गॅस खाऊन ते आतल्या आत करपत आलं असावं. एके दिवशी घरी जेवायला बसला आणि बायकोला म्हणाला, "आज काय केलं वं, गोपिका?" गोपिकेनं त्याच्याकडे टकमक पाहिलं. चुलीवर सुकट भाजत होती. शेजारच्या गल्लीतली मांजरं दारात येऊन बसली होती, आणि हा विचारतोय काय केलं. "थट्टा करून राहिले काय?" ती म्हणाली. "हो," तो म्हणाला, आणि जेवला. तोंडात घास फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी मशीनघरात कुणी नाही असं पाहून त्यानं एक व्हॉल्व्ह किंचित सैल केला आणि नाक जवळ नेलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, घशाला मिरमिरलं, पण वास म्हणाल तर काही नाही. भिंतीला नाक लावल्यासारखं. त्यानं व्हॉल्व्ह बंद केला आणि तिथेच तेलकट फरशीवर बसला. त्याला आयुष्यात पहिल्यांदा मशीनची भीती वाटली. पंचवीस वर्षं जे लोखंड त्याच्याशी बोलत होतं, ते मुकं होऊन त्याच्याकडे बघत होतं.

सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, मीही म्हणतो. पण सांगणार कुणाला? नाकासाठी ठेवलेला मिस्त्री, नाक गेलं तर काय कामाचा? वय एक्केचाळीस, थोरल्या मुलीचं लग्न तोंडावर, आणि शिक्षण सातवी नापास. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता दिवस जाऊ लागले. त्यानं गुपचूप गंधकाच्या काड्या आणल्या. रोज बाया यायच्या तासभर आधी येऊन तो सगळ्या सांध्यांवरून काडी फिरवी, धूर विरेपर्यंत दारं उघडी ठेवी, काडीचं थोटूक खिशात घाली. मग बाया आल्या की नाक वर करून फेरी मारी आणि म्हणे, "बसा."

काडीनं सकाळचं दिसतं. दुपारचं कोण सांगणार? बाया ठसकल्या की तो मशीनघरातून धावत येई आणि दारात उभा राहून त्यांच्या तोंडाकडे पाही. मिरचीचा ठसका की दुसरा? मिरची असली की माणूस खोकतो, शिंकतो, डोळे पुसतो. गॅस असला तरी अगदी तेच करतो. दोन्हींत फरक एकाच गोष्टीचा, वासाचा. आणि बाया बिचाऱ्या मिरचीत नाक घालून बसलेल्या, त्यांची नाकं संध्याकाळपर्यंत कुठं शाबूत राहत होती? सगळ्यांनी मिळून आपलं नाक त्याच्याकडे ठेवायला दिलं होतं, आणि ते त्यानं हरवलं होतं.

रात्री तो दचकून उठे. गोपिका विचारी, "काहून?" तो म्हणे, "गरम होऊन राहिलं."

त्र्याऐंशीचा मे महिना. मशीनचं तेल गॅसबरोबर नळ्यांतून वाहत जातं आणि पडवीच्या कोपऱ्यातल्या एका लोखंडी भांड्यात साचतं. आठवड्यातून एकदा ते काढावं लागतं. काम अगदी साधं. खालचा छोटा व्हॉल्व्ह उघडायचा, तेल बादलीत घ्यायचं, आणि तेलाबरोबर फेस यायला लागला की झटकन बंद करायचा, कारण फेस म्हणजे गॅस. एक हात व्हॉल्व्हवरून काढायचा नाही. या साध्या कामात माणसं मेलेली आहेत.

त्या दिवशी तेल काढून त्यानं व्हॉल्व्ह आवळला आणि काडी काढायला खिशात हात घातला, तोच दारात बांगड्या वाजल्या. उन्हाच्या मारानं नानाजींनी सातऱ्याची वेळ एक तास अलीकडे आणली होती. मुनीमानं बायांना सांगितलं, रुपरावला सांगायचं राहिलं. अठरा बाया दारात उभ्या. सर्वांच्या पुढे बायजाबाई.

"आज तेल काढून राहिला काय गा?" ती म्हणाली. "मंग, बसाव का?"

खिशातली काडी त्याच्या बोटांना लागत होती. ती काढली असती तर सगळ्यांना दिसली असती. मुनीमाला कळलं असतं, नानाजींना कळलं असतं. व्हॉल्व्ह तर घट्ट आवळलाय, त्यानं मनाला सांगितलं. नाक वर केलं, फेरी मारली.

"बसा," तो म्हणाला.

तासाभरानं ठसके सुरू झाले. रोजच्यापेक्षा जास्त. बायजाबाईनं हाक मारली, "रुपराव गा, जरा सुंगून तं पाय. आज लय लागून राहिलं." दुसरी एक म्हणाली, "काल नवा माल आला ना वं, भिवापुरी. त्याच्यानंच असन."

रुपराव आत आला. अठरा जणी हातातली मिरची तशीच धरून त्याच्याकडे बघत होत्या. त्यानं श्वास घेतला. डोळे झोंबले. मिरचीनं ते रोजच झोंबायचे. त्यानं कोपऱ्याकडे पाहिलं. भांड्याखाली तेलाचा एक थेंब होता, पण तेल काढल्यावर तो नेहमीचाच.

"मिरचीच हाय," तो म्हणाला.

"मंग ठीक," म्हणून बायजाबाईनं खाली मान घातली.

मशीनघरात परत जाऊन तो स्टुलावर बसला. दाबाचे काटे जागच्या जागी होते. पट्टा नीट फिरत होता. मिरचीच असेल, तो म्हणाला. नवा माल आलाय. मग पुन्हा उठला, पुन्हा बसला. आपण काय बोललो ते आता त्याला स्पष्ट ऐकू येत होतं. अठरा घरच्या बाया. प्रेमिलाचं पोर अजून अंगावर पीत होतं. शेवटी माठ भरायचं निमित्त करून तो कळशी घेऊन पडवीत गेला.

कोपऱ्याजवळ प्रेमिला बसली होती. सकाळी भाजी चिरताना तिची करंगळी कापली होती. तिनं त्यावर हळद भरून चिंधी बांधली होती आणि मिरची झोंबू नये म्हणून चिंधी ओली ठेवली होती. ती बोट वर धरून शेजारणीला दाखवत होती, "पाय ना वं, रगत थांबूनच नाई राहिलं."

रुपरावनं पाहिलं. चिंधी लाल झाली होती. पण ते रक्त नव्हतं. रक्त एका जागेतून पसरतं, मधे काळपट आणि कडेला फिकं. ही चिंधी सगळीकडून सारखीच लाल होती, कुंकवात बुडवल्यासारखी.

कळशी त्याच्या हातात तशीच राहिली. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरोघरी ठाऊक. आणि अमोनियाही साबणाच्याच जातीचा. त्याचं पाणी हाताला लागलं की बोटं बुळबुळीत होतात, हे त्याला पंचवीस वर्षांपासून ठाऊक. पडवीत साबण नव्हता.

"उठा," तो म्हणाला. "उठा! गॅस हाय! बाहेर व्हा!"

कुणी उठलं नाही. तुम्हाला राग येईल, पण त्यांच्या जागी बसून बघा. समोर खुडलेल्या मिरचीचा जिचा तिचा ढीग, मजुरी त्याच्याच वजनावर, उठलं की ढिगांची सरमिसळ होणार, दिवस वाया जाणार. आणि ज्या माणसाच्या शब्दावर त्या बसल्या होत्या तोच आत्ता तर 'मिरचीच हाय' म्हणून गेला होता. एक-दोघी हसल्याही. बायजाबाई डोळे पुसत म्हणाली, "आताच तं मिरची हाय म्हनलं ना गा? तुह्यं नाक काय चुकते काय?"

रुपरावनं कळशी टाकून दिली. ती फरशीवर आपटून गडगडत गेली.

"मले वास येत नाई!" तो ओरडला. "दोन वर्सापासून येत नाई! मी खोटं बोलून राहिलो होतो तुमच्यासंग! रोज! उठा वं मायहो, उठा!"

मग मात्र सगळ्या एकदम उठल्या. दाराशी रेटारेटी झाली, ढीग तुडवले गेले, मिरचीची धूळ उठली आणि त्या धुळीत काही दिसेनासं झालं. तुडवातुडवीत कुणाचा तरी धक्का त्या भांड्याच्या टोपण नसलेल्या व्हॉल्व्हला लागला असावा. फुस्स असा आवाज आला आणि कोपऱ्यातून पांढरी वाफ जमिनीलगत पसरायला लागली. थंड गॅस आधी खालून सरकतो, आणि बायजाबाई अजून खालीच होती. गुडघे साथ देईनात. ती हात टेकून उठायला बघत होती आणि तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता.

रुपरावनं खांद्यावरचा दुपट्टा माठात बुडवून तोंडाला गुंडाळला आणि तिच्या काखांत हात घालून तिला ओढत दारापर्यंत आणलं. तिथून दोघींनी तिला उचललं. तो परत आत गेला. डोळे उघडे ठेवणं शक्यच नव्हतं. भिंत चाचपत, वाफेत वाकून, तो कोपऱ्यात पोचला आणि भांड्यात गॅस सोडणारा मागचा मोठा व्हॉल्व्ह हातानं शोधून फिरवू लागला. तेवढा वेळ त्याला एकच गोष्ट वाटत होती, की तो इथे मरणार आणि वासही न येता मरणार. व्हॉल्व्ह बसला. आवाज थांबला. हातापायांवर रांगत तो बाहेर आला आणि उन्हात पालथा पडला.

बायजाबाईला रिक्षात घालून धंतोलीच्या एका दवाखान्यात नेलं. ती वाचली. पण छातीत कायमची घरघर बसली, आणि जो आवाज पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, तो पुढे पदराआडून बोलल्यासारखा यायचा. सातऱ्यावर ती पुन्हा आली नाही. बाकीच्यांचे डोळे चार दिवस सुजले.

संध्याकाळी नानाजींनी रुपरावला खोलीत बोलावलं. त्याच्या डोळ्यांवर दवाखान्यातली पट्टी होती, तिच्या फटीतून त्याला जेमतेम दिसत होतं. त्याला वाटलं, आता हिशेब हातात देतील. एका परीनं तो मोकळा झाला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याजवळ लपवायला काही उरलं नव्हतं.

नानाजी वाईट माणूस नव्हते. दवाखान्याचा सगळा भार त्यांनी न बोलता उचलला होता.

"व्यापाऱ्याइले काय सांगू मी?" ते म्हणाले. "तुह्या नाकावर माल ठेवतात ते माह्यापाशी. गॅस लागलेली मिरची कोन घेईन? पाय, रुपराव. गॅस डोक्यात गेला म्हनून तू भलतंच बरळला, असं मी सांगतो. उद्या सकाळी बायाइच्या समोर फेरी मार आन बसा म्हन. काडी लाव, टोपन लाव, काय लावाचं ते लाव मागून. पन बसा म्हन. बाया तुह्या शब्दाशिवाय बसत नाईत."

"नाई बसल्या तं?"

"म्हनून तं तुले सांगून राहिलो."

रुपराव घरी गेला. त्यानं गोपिकेला सगळं सांगितलं. तिनं त्याच्या डोळ्यांवर दुधाची घडी ठेवली आणि उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिली. त्याला नोकरीची भीती वाटत होती, आणि त्याहून मोठी भीती याची, की सकाळी त्या सतरा तोंडांपुढे उभं राहिल्यावर त्याच्या तोंडून तो शब्द सवयीनं निघून जाईल.

सकाळी सतरा बाया दारात उभ्या होत्या. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. पडवी धुऊन काढली होती. नानाजी खुर्ची टाकून बसले होते.

"हं, रुपराव," ते म्हणाले.

रुपराव दारात उभा राहिला. त्यानं नाक वर केलं नाही. तो नानाजींकडे बघत नव्हता, बायांकडे बघत होता. कुणीतरी शिव्या घालेल, कुणी थुंकेल, निदान कुणी विचारेल, इतके दिवस काहून खोटं बोलला गा. ते ऐकायची त्यानं रात्रभर तयारी केली होती.

कुणी काही विचारलं नाही. ऊन चढत होतं. प्रेमिलानं करंगळी पदरात गुंडाळली, गोणपाट काखेत मारलं आणि त्याच्या बाजूनं आत गेली. कालच्याच जागी बसली, कोपऱ्याजवळ. मग दुसरी गेली. मग सगळ्या. सतरा जणी त्याच्या शब्दाची वाट न बघता आत जाऊन बसल्या आणि मिरचीचे देठ खुडू लागल्या.

तेव्हा रुपरावला कळलं, की त्या कधीच त्याच्या नाकाच्या भरवशावर बसल्या नव्हत्या. बसणं त्यांना भागच होतं. 'बसा' म्हणणारा कुणी असला तर बरं वाटायचं, एवढंच. दोन वर्षं आपण एकटेच भीत होतो असं त्याला वाटत होतं, पण याही रोज भीत होत्या. त्याला एकदम रडू फुटलं, आणि सुजलेल्या डोळ्यांना ते पाणी गॅससारखं झोंबलं.

आत पहिला ठसका लागला. त्यानं पडवीचं जाड दार पूर्ण उघडलं आणि पाठ लावून तिथे उभा राहिला. बाहेरची झळ आत शिरू लागली, आतला गारवा त्याच्या पायांवरून रस्त्याकडे वाहू लागला.

"दार लाव गा!" नानाजी ओरडले. "थंडी जाऊन राहिली सारी!"

एकेका बाईच्या तोंडाकडे तो बघत होता. नानाजी पुन्हा ओरडले. रुपराव दारातून हलला नाही.